तपासणीनंतरचं काम: शाळेत आरोग्याची जबाबदारी मिळालेल्या नव्या शिक्षकांसाठी

शाळेत रुजू झालात की पहिल्या पंधरवड्यातच मुख्याध्यापक कामांचं वाटप करतात. शालेय पोषण आहार एकाकडे, शिष्यवृत्ती दुसऱ्याकडे, यू-डायस म्हणजे शाळेची सरकारी माहिती भरणं तिसऱ्याकडे, आणि नव्या माणसाच्या वाट्याला बऱ्याचदा 'आरोग्य' येतं. कपाटातून एक जुनी फाईल हातात पडते. तीत मागच्या तपासणीच्या याद्या, गोळ्यांचे अहवाल आणि एक रिकामी प्रथमोपचार पेटी असल्याची नोंद असते. नेमकं करायचं काय, हे कोणी सांगत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये काम करता करता जे उमगलं, ते क्रमाने मांडतो. खासगी किंवा आश्रमशाळेत असाल तरी बहुतेक गोष्टी लागू पडतील.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. आपल्याकडे मुलांच्या तपासण्या होतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. काम अडतं ते त्यानंतर. डॉक्टर मोठ्या दवाखान्यात पाठवण्याची संदर्भ चिठ्ठी लिहून देतात, मूल ती दप्तरात कोंबतं, आणि पुढच्या वर्षी पथक येतं तेव्हा त्याच मुलाचा तोच कान वाहत असतो. डॉक्टर मुलाला वर्षातून एक दिवस बघतो. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक शाळा वर्षाला किमान २०० दिवस भरते, म्हणजे आपण त्याला २०० दिवस बघतो. आपल्याला औषध देता येत नाही, रोगाचं निदान करता येत नाही. पण रोज बघणं, लिहून ठेवणं आणि मागे लागणं या तीन गोष्टी शिक्षकाइतक्या चांगल्या कोणालाच जमत नाहीत.

जून: आधी वही करा

सरकारी नमुने भरावेच लागतात, ते भरा. पण त्यांच्या भरवशावर राहू नका. दोनशे पानी जाड वही घ्या आणि प्रत्येक मुलाला एक पान द्या. वरच्या बाजूला नाव, जन्मतारीख, पालकांचा मोबाईल आणि खाली शेजाऱ्याचा किंवा मामा-काकांचा एक नंबर लिहा. शेतात गेलेल्या आईबापांचा फोन भर दुपारी लागत नाही, म्हणून दुसरा नंबर हवाच. मग उंची, वजन, डोळे, कान, दात, आधीपासूनचा आजार, चालू औषध. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची टीडी लस असते, तिच्यासाठीही एक ओळ ठेवा. पानाच्या उजव्या कडेला एक रुंद रकाना आखा आणि त्यावर लिहा, 'पुढे काय झालं?' वर्षभर तुमचं लक्ष या रकान्यावर असू द्या. तो रिकामा दिसला की काम बाकी आहे असं समजा.

आधीपासूनचे आजार पालकसभेत विचारू नका, सगळ्यांसमोर कोणी सांगत नाही. दाखल करायला आई येते तेव्हा बाजूला बसवून विचारा: फिट येते का, दम लागतो का, हृदयाचं काही सांगितलंय का, कशाची अ‍ॅलर्जी, घरी रोज कुठलं औषध चालू आहे? पालघर, नंदुरबार, मेळघाट किंवा गडचिरोलीकडे असाल तर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं आवर्जून विचारा. सिकलसेलच्या मुलाला पाणी भरपूर लागतं, थंडीत भिजलेलं चालत नाही, आणि हातपाय दुखतात असं ते म्हणालं तर ते नाटक नसतं. त्याला खेळाच्या तासाला पळायला लावू नका, आणि दुखणं वाढलं तर थेट दवाखान्यात न्या. दम्याच्या मुलाचा पंप मुलाच्या दप्तरात किंवा वर्गशिक्षकाच्या टेबलावर राहू द्या. ऑफिसच्या कपाटात कुलूप लावून ठेवलेला पंप ऐन वेळी हाती लागत नाही. मधुमेह असलेल्या मुलाला मधेच खायची आणि लघवीला जायची मोकळीक हवी, आणि त्याला घाम येऊन थरथर सुटली तर आधी साखर द्यायची, हे त्या वर्गात तासिका घेणाऱ्या प्रत्येकाला माहीत असू द्या.

उंची-वजन घेताना घाई होते आणि आकडे खोटे पडतात. वजनकाटा अंगणवाडीकडून मिळतो. तो सपाट फरशीवर ठेवा, सारवलेल्या जमिनीवर नको. दर वेळी काटा शून्यावर आहे ना ते बघा. उंचीसाठी भिंतीवर टेप उभी चिकटवा. चपला बाहेर, टाचा भिंतीला टेकलेल्या, नजर समोर. मुलींच्या वर बांधलेल्या वेण्या सोडायला लावा, नाहीतर दोन-तीन सेंटिमीटर उंची फुकटची वाढते. डोक्यावर जाड पुस्तक आडवं धरून भिंतीला टेकवा आणि पुस्तकाच्या खालच्या कडेचं माप घ्या. हेच जानेवारीत पुन्हा करा. एका आकड्यावरून फारसं कळत नाही. सहा महिन्यांत मुलाचं वजन वाढलंच नसेल किंवा उतरलं असेल, तर मात्र त्या पानाचा कोपरा दुमडून ठेवा.

त्याच दिवशी दप्तरंही काट्यावर ठेवा. दप्तराचं ओझं मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावं असा नियम आहे. २५ किलोच्या मुलाला अडीच किलो. मुलांनाच आकडे वाचायला लावा, वेळापत्रकाप्रमाणे वह्या आणायची सवय आपोआप लागते.

रोजचं बघणं

परिपाठाला मुलं रांगेत उभी असतात तेव्हा प्रार्थना म्हणता म्हणता चेहरे बघायची सवय लावा. कोण उभ्या उभ्या डुलतंय, कोणाचे ओठ फिकट आहेत, कोण सारखं खाजवतंय, कोणाच्या अंगावर वळ आहेत. रक्त कमी असलेलं मूल बहुतेक वेळा 'आळशी' म्हणून ओळखलं जातं. त्याच्या खालच्या पापणीची आतली बाजू, जीभ आणि तळहात बघा. पाटीची पेन्सिल, खडू, माती किंवा कच्चे तांदूळ खाणारं पोर दिसलं तर रागावू नका, वहीत लिहा. ही खोड पुष्कळदा रक्त कमी असल्याचं लक्षण असते.

पुन्हा पुन्हा 'काय सर?' विचारणारं, रेडिओ किंवा मोबाईल कानाशी लावून ऐकणारं, एकाच बाजूने मान वळवणारं मूल नीट ऐकू येत नसलेलं असू शकतं. कान वाहत असेल तर घरी कोमट तेल घालतात, ते थांबवायला सांगा आणि दवाखान्यात पाठवा. खरूज दिसली तर एकट्या मुलाला औषध देऊन भागत नाही, घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी मलम लावावं लागतं आणि कपडे, अंथरूण गरम पाण्यातून काढावं लागतं. आश्रमशाळेत हेच संपूर्ण खोलीला एका रात्री करावं लागतं. उवांसाठी मुलीला वेगळं बसवू नका, तिचे केस वर्गात कधीही तपासू नका.

जुलै: डोळे

पथकाची वाट न बघता शिक्षकाने स्वतः करण्यासारखी एकच खरी तपासणी आहे, ती नजरेची. जवळच्या ग्रामीण रुग्णालयातल्या नेत्र चिकित्सा अधिकाऱ्यांकडून 'ई'चा तक्ता मागून आणा. त्यात इंग्रजी 'ई' वेगवेगळ्या दिशांना तोंड करून छापलेला असतो, त्यामुळे अक्षरओळख नसलेल्या पहिलीच्या मुलालाही चालतो. त्याला फक्त बोटांनी दिशा दाखवायची असते.

व्हरांड्यात चांगला उजेड असलेली जागा निवडा. टेपने ६ मीटर मोजा, पावलांनी नको. खडूने रेघ मारा आणि मुलाच्या टाचा त्या रेघेवर. तक्ता मुलाच्या नजरेच्या उंचीला, आणि मुलाच्या तोंडावर ऊन नको. एक डोळा तळहाताने झाकायचा, दाबायचा नाही. बोटांनी झाकला तर मुलं फटीतून बघतात आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. डोळे बारीक करून बघत असेल तर तेही नोंदवा. ६/९ ची ओळ (तक्त्यावर ओळीशेजारी हा आकडा असतो) एकेका डोळ्याने ओळखता आली पाहिजे. कुठल्याही एका डोळ्याने जमली नाही तर नाव यादीत. बाकीच्या मुलांना रांगेत मागे नको, दूर बसवा, कारण हुशार पोरं ओळ पाठ करून येतात.

माझ्या वर्गात तिसरीला एक मुलगी होती. अक्षर सुरेख, पण वहीत निम्मा मजकूर चुकीचा. फळ्यावर 'वजाबाकी' लिहिलं की तिच्या वहीत शेजारणीने जे लिहिलं असेल ते उतरायचं, चूक असली तरी तेच. आई म्हणायची, लक्ष नाही तिचं. तक्त्यासमोर उजवा डोळा झाकल्यावर ती नुसती हसत उभी राहिली, कारण डाव्या डोळ्याला तिला तक्ताच दिसत नव्हता. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून शाळकरी मुलांना चष्मा मोफत मिळतो. तिलाही मिळाला.

चष्मा मिळाला म्हणजे 'पुढे काय झालं?'चा रकाना भरला असं मात्र नाही. महिन्याभराने बघा, चष्मा डोळ्यांवर आहे का? मुलींच्या बाबतीत 'चष्म्याने लग्न जमायला अडचण येते' ही घरची भीती असते आणि चष्मा कपाटात जातो. मुलगे चिडवण्याला कंटाळून फेकून देतात. वर्गात चिडवणाऱ्यांना त्याच दिवशी थांबवा, आणि चष्मेवाल्या मुलाला पुढच्या बाकावर बसवण्याचं कारण सगळ्यांना साधेपणाने सांगा.

पथक येतं तो दिवस, आणि त्यानंतरचे सहा महिने

पथकात साधारण दोन आयुष डॉक्टर, एक स्त्री आणि एक पुरुष, शिवाय परिचारिका आणि औषधनिर्माता असतात. जन्मजात व्यंग, कमतरता, आजार आणि वाढीतला उशीर अशा चार अंगांनी ते मुलाला बघतात. तारीख कळली की तीन कामं लगेच करा. एक, पालकांना निरोप पाठवा. निदान ज्या मुलांचे कोपरे तुम्ही दुमडलेत त्यांचे आईवडील हजर पाहिजेत. दोन, त्या मुलांची यादी पथकाला आल्या आल्या द्या. दोनशे मुलं एका दिवसात बघायची असतात, तेव्हा 'या अकरा जणांना नीट बघा' असं सांगणारा शिक्षक डॉक्टरांना हवाच असतो. तीन, मोठ्या मुलींसाठी दाराला कडी असलेली वेगळी खोली ठेवा आणि शिक्षिका किंवा आशाताई तिथे थांबू द्या.

संदर्भ चिठ्ठी मुलाच्या हातात देऊ नका. पालकांच्या हातात द्या, मोबाईलवर फोटो काढून ठेवा, आणि वहीत लिहा: कुठे पाठवलं, कशासाठी, कोणत्या वारी तिथे ते डॉक्टर असतात. शेवटची गोष्ट फार महत्त्वाची आहे. उपजिल्हा रुग्णालयात कान-नाक-घशाचे डॉक्टर रोज नसतात. मजुरी बुडवून, दोन गाड्या बदलून गेलेला बाप 'आज डॉक्टर नाहीत' ऐकून परत आला, की तो पुन्हा जात नाही. आधी फोन करून वार विचारायचं काम तुमचं.

पालक का नेत नाहीत, याची कारणं मला बहुतेक सारखीच ऐकायला मिळाली. दिवसाची मजुरी जाते. खर्च होईल अशी भीती असते. हृदयाला छिद्र म्हटलं की घरचे हादरतात आणि गप्प बसणं पसंत करतात. तिरळेपणाला 'मोठा झाला की जाईल' म्हणतात. यातल्या खर्चाच्या प्रश्नाला आपल्याकडे सरळ उत्तर आहे: या कार्यक्रमातून पाठवलेल्या मुलांचे पुढचे उपचार आणि शस्त्रक्रिया मोफत आहेत, हृदयाची, दुभंगलेल्या ओठाची, तिरळेपणाचीही. हे एकदा सांगून पटत नाही. गावात आधी असं ऑपरेशन झालेलं मूल असेल तर त्याच्या आईला या आईशी बोलायला लावा. शिक्षकाच्या दहा भेटींनी होत नाही ते काम तिच्या एका भेटीने होतं.

मजुरीसाठी एक उपाय चांगला चालतो. एकाच रुग्णालयात जाणारी मुलं एका दिवशी पाठवा, सगळ्यांची मिळून एक जीप करा आणि आशाताई किंवा शाळा व्यवस्थापन समितीतला एखादा सदस्य सोबत द्या. ग्रामपंचायतीला भाड्यासाठी रीतसर पत्र द्या, पुष्कळ सरपंच हे आनंदाने करतात. मग प्रत्येक पालकाने जायची गरज उरत नाही. फक्त ऑपरेशनची संमती आणि लहान मुलांच्या बाबतीत एक घरचं माणूस लागतंच.

बीड, अहिल्यानगर, जालन्याकडच्या शाळांसाठी आणखी एक. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दिवाळीच्या आसपास निघतात आणि मार्च-एप्रिलला परततात. त्या मुलांची तपासणी आणि पाठपुरावा ऑक्टोबरच्या आत उरकून घ्या. जे मूल हंगामी वसतिगृहात न राहता आईबापांबरोबर जाणार आहे, त्याच्या पानाची झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत घालून आईकडे द्या. कारखान्याच्या गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तो कागद दाखवला तर उपचार पहिल्यापासून सुरू करावे लागत नाहीत.

गोळ्यांचे दिवस

लोहाची गोळी आठवड्यातून एकदा. पहिली ते पाचवीला गुलाबी, सहावीपासून पुढे निळी. वार ठरवून घ्या आणि बदलू नका. रिकाम्या पोटी दिली की मळमळतं, एकाने उलटी केली की बघून पाच जण करतात आणि दुपारपर्यंत गावभर 'गोळीने पोरं आजारी पडली' होतं. म्हणून खिचडी खाऊन झाल्यावरच, साध्या पाण्याबरोबर, तुमच्या डोळ्यांसमोर. घरी न्यायला देऊ नका. गोळीने शी काळी होते, हे आधीच सांगून ठेवा. चहाने लोह अंगी लागत नाही, लिंबू-आवळ्याने लागतं, म्हणून गोळीच्या दिवशी खिचडीवर लिंबू पिळता आलं तर उत्तम. ताप असलेल्या मुलाला त्या दिवशी देऊ नका, आणि सिकलसेल किंवा थॅलेसेमियाच्या मुलाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय कधीच नाही.

जंतनाशक दिन साधारण फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये १० तारखेच्या सुमारास असतो. अल्बेंडाझोलची गोळी चावून खायची असते. लहानांना ठेचून द्या, अख्खी गिळायला लावली की घशात अडकते. ज्यांच्या पोटात जंत जास्त त्यांना थोडं पोटात दुखणं, मळमळणं होतं. सावलीत आडवं करा, पाणी द्या, जवळ बसा. गैरहजर मुलांची नावं काढून ठेवा, त्यांच्यासाठी काही दिवसांनी दुसरा दिवस असतो. तो पहिल्याइतक्या गाजावाजाने होत नाही, म्हणून यादी लागते.

ताट आणि पाणी

पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. तांदूळ बहुधा बरोबर असतो, डाळ आणि भाजी पातळ होते. पातेल्यात डाव घालून तळापासून ढवळून बघा.

मुलांना वाढण्याआधी चव घ्यायची आणि नोंदवहीत सही करायची हा नियम आहे. ही सही खाण्याआधीची असू द्या. बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावात १६ जुलै २०१३ रोजी शाळेच्या जेवणातून २३ मुलं दगावली, त्या जेवणात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक गेलं होतं. आपल्या कापसाच्या पट्ट्यात हेच 'मोनो' घराघरांत असतं आणि रिकामे डबे धुऊन वापरायची सवयही. शाळेच्या स्वयंपाकघरात औषधाचा रिकामा डबा पाण्यासाठीसुद्धा येऊ देऊ नका. तेलाचं पाकीट किंवा डबा मूळ पॅकिंगचाच, आणि वास वेगळा वाटला तर स्वयंपाकीताईंना त्या क्षणी गॅस बंद करायचा हक्क आहे, हे त्यांना तोंडाने सांगा. शिक्षकांना सांगायला त्या बिचकतात.

पाण्याची टाकी धुतल्याची तारीख टाकीवर रंगाने लिहा. टीसीएल म्हणजे जंतुनाशक ब्लीचिंग पावडर टाकायचं काम ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्याचं असलं तरी पाण्यातलं क्लोरीन तपासायची ओटी टेस्टची बाटली आरोग्यसेवकाकडून शाळेसाठी मागून घ्या. पावडर टाकून अर्धा तास झाल्यावर नळाच्या पाण्यात थेंब टाकले की पिवळी छटा आली पाहिजे. आठवीच्या मुलांना हे काम द्या, विज्ञानाचा तासही होतो. हात धुवायला साबण टिकत नाही ही सगळ्या शाळांची तक्रार. साबणाचे तुकडे जुन्या नायलॉनच्या मोज्यात किंवा जाळीत बांधून नळाला लटकवा, टिकतो. मार्चनंतर विदर्भात, मराठवाड्यात ऊन चढलं की दोन तासांमध्ये एक पाण्याची घंटा वाजवा आणि सगळ्यांनी एकदमच बाटली उघडायची.

शाळेच्या दाराशी काय विकलं जातं तेही आपलंच बघणं. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला बंदी आहे, आणि साखर-मीठ-तेलाने भरलेली पाकिटं ५० मीटरच्या आत विकू नयेत असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. गुटखा राज्यात २०१२ पासून बंद आहे, तरी खर्रा आणि मावा पाचवीच्या पोराच्या खिशात सापडतो. दुकानदाराशी भांडायला एकटे जाऊ नका, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घेऊन चार पालकांबरोबर जा.

मुलींचं स्वच्छतागृह

हा भाग छोटा आहे, पण इथे टाळाटाळ सर्वांत जास्त होते. सकाळी स्वतः जाऊन बघा: कडी लागते का, बादलीत पाणी आहे का, झाकणाचा डबा आहे का, दाराची किल्ली कोणाकडे आहे? किल्ली ऑफिसात असेल तर मुली मागायला येत नाहीत. त्या दिवसभर लघवी दाबतात, त्यासाठी पाणीच पीत नाहीत, आणि मग पोटात दुखतं, जळजळ होते. कुलूप काढा. पॅड शिक्षिकेकडे न ठेवता स्वच्छतागृहातल्या फळीवर किंवा मुलींनीच निवडलेल्या एका मुलीकडे ठेवा, म्हणजे मागावं लागत नाही. पाचवीच्या मुलींशी पाळीबद्दल आधीच बोलून ठेवा, काहींना त्याच वर्षी येते. शिक्षिका नसलेल्या शाळेत एएनएम म्हणजे आरोग्यसेविका किंवा आशाताईंना बोलवा. महिन्यातून ठरावीक दिवशी गैरहजर राहणाऱ्या मुली हजेरीपटावरून लगेच कळतात.

प्रथमोपचार: काय करायचं, काय नाही

पेटीत गोळ्यांचा साठा नको. कापूस, गॉज, रोलर बँडेज, चिकटपट्टी, कात्री, साबण, हातमोजे, थर्मामीटर, ओआरएस आणि एक टॉर्च एवढं पुरतं. ओआरएसच्या पाकिटावर किती पाण्यात घालायचं ते वाचा. मोठं पाकीट एक लिटरसाठी असतं, लहान पाकिटं २०० मिलीचीही असतात. पेटीच्या झाकणावर रुग्णवाहिकेचा १०८, जवळच्या आरोग्य केंद्राचा नंबर आणि शाळेपर्यंत येण्याची ठळक खूण लिहून चिकटवा. घाबरलेल्या माणसाला पत्ता सांगता येत नाही.

नाकातून रक्त आलं तर मान मागे टाकायला लावू नका. पुढे झुकवून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत धरा. भाजलं तर वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा, टूथपेस्ट किंवा शाई नको. फिट आली तर आजूबाजूची बाकं सरकवा, कुशीवर वळवा, तोंडात चमचा किंवा बोट घालू नका, कांदा आणि चप्पल तर नाहीच. घड्याळ बघा, पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८. कुत्रं चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, हळद-मिरची भरू नका, आणि नुसता ओरखडा असला तरी लसीसाठी त्याच दिवशी पाठवा.

साप चावला तर दोरी आवळू नका, कापू नका, चोखू नका. हात किंवा पाय फळीला बांधून हलू देऊ नका, मुलाला चालवू नका, मांत्रिकाकडे एक मिनिटही घालवू नका. प्रतिविष सरकारी दवाखान्यात मिळतं. आश्रमशाळेतल्या शिक्षकांनी एक लक्षात ठेवावं: मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या मुलाला चावते, दंश दिसत नाही, दुखतही नाही. पहाटे मूल पोटात दुखतं म्हणून उठलं, पापण्या जड झाल्या, बोलताना जीभ अडखळली, तर अपचन समजून ओवा देत बसू नका. गाडी काढा.

कोकणातल्या लाल विंचवाने एके काळी पुष्कळ मुलं नेली. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध त्यावर वापरून दाखवलं आणि चित्र पालटलं, पण औषध लवकर मिळालं तरच. दंशाच्या जागी नुसती आग होत असेल तर धीर द्या आणि लक्ष ठेवा. मूल घामाघूम झालं, उलटी झाली, हातपाय गार पडले, तर विष अंगात भिनलंय, तिथून दवाखाना गाठेपर्यंत थांबू नका.

गप्प झालेलं मूल

हसतं-खेळतं मूल अचानक गप्प झालं, पोटात दुखतं म्हणून रोज घरी जायला मागू लागलं, कपड्यांत शू करू लागलं, एका ठरावीक माणसाला बघून आक्रसलं, तर त्यालाही आजाराइतकंच मनावर घ्या. बाजूला घेऊन 'काय झालं?' एकदाच विचारा आणि थांबा. बहुतेक वेळा घरातलं भांडण, बापाची दारू, परीक्षेची भीती, कोणाचं तरी चिडवणं निघतं. कधी आपल्याच शाळेतली छडी निघते. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींवर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंदी आहे. मोठ्या मुलांना आणि पालकांना १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत नंबर द्या, तिथे मराठीत बोलता येतं.

मुलाने लैंगिक छळाचं काही सांगितलं, तर शांतपणे ऐका. 'कोणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. खोदून खोदून विचारू नका, खरं-खोटं पडताळत बसू नका, त्याने वापरलेले शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा. पॉक्सो म्हणजे मुलांना लैंगिक छळापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. मुख्याध्यापकांना सांगा, आणि ते 'शाळेचं नाव जाईल' म्हणाले तरी तुम्ही कळवा. १०९८ या चाइल्डलाइनच्या नंबरवरही कळवता येतं. मुलाचं नाव स्टाफरूममध्येसुद्धा निघू देऊ नका. शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती असायला हवी. नसेल किंवा नुसती कागदावर असेल, तर पुढच्या बैठकीत विषय तुम्हीच मांडा.

एप्रिल: वही पुढे द्यायची

निकालाच्या आठवड्यात वही उघडा आणि 'पुढे काय झालं?' रिकामा असलेली नावं एका कागदावर उतरवा. सुट्टीत आईबाप घरी असतात, लग्नसराईत पाहुण्यांची गाडी असते, शस्त्रक्रियेनंतर आराम करायला वेळ मिळतो. लांबलेली ऑपरेशनं करून घ्यायला मे महिना सर्वांत चांगला. म्हणून ही यादी सुट्टी लागण्याआधी आशाताई आणि पथकाच्या डॉक्टरांकडे द्या. दाखला घेऊन दुसऱ्या शाळेत जाणाऱ्या मुलाच्या पानाची प्रत पालकांना द्या, शक्य असेल तर तिथल्या वर्गशिक्षकांना एक फोन करा. तुमची बदली झाली तर वही कपाटात ठेवून जाऊ नका. ज्यांच्याकडे काम येणार त्यांच्याबरोबर तासभर बसा आणि कोपरे दुमडलेली पानं एकेक करून दाखवा.